अंगणातला वसंत आणि हातातला कोयता

मंडळी, पंचांगात वसंत चैत्र-वैशाखाचा, पण वसंतपंचमी येते माघात. आपल्याकडची झाडंपाखरं त्या पंचमीचंच ऐकतात. थंडी पहाटेपुरती उरते, दुपारचं ऊन चटके देऊ लागतं आणि तांबट पक्ष्याचं ‘टुक् टुक्’ सुरू होतं. कोकीळ मागाहून येऊन सगळं श्रेय घेतो, ते सोडा.

अडचण अशी, की ही पहिली लक्षणं आपल्याला रोग तरी वाटतात नाहीतर कचरा. तांबट घरटं विणत नाही, कोरतो. त्याला शेवग्याची, पांगाऱ्याची वाळकी, मऊ पडलेली फांदी लागते. भोक तो फांदीच्या खालच्या अंगाला पाडतो, म्हणजे आत पाऊस शिरत नाही. आणि नेमकी तीच फांदी आपण जळणाला तोडतो! घरावर किंवा वाटेवर पडायची भीती नसेल, तर राहू द्या.

काटेसावर पानं गाळते ती पाणी वाचवायला. ती वाळलेली नसते. उघड्या फांद्यांवरची लाल फुलं पाखरांना लांबून दिसतात. सकाळी सात ते नऊ या वेळात झाडाखाली थांबा. मैना, बुलबुल, भोरड्या मधासाठी फुलात तोंड खुपसतात आणि कपाळाला पराग माखून दुसऱ्या फुलावर जातात.

आता आंब्याचा मोहोर. खाली फुलांचा सडा दिसला की लोक फवारणीचा पंप शोधतात. अहो, मोहोरात नर फुलं पुष्कळ असतात, ती गळणारच. संयुक्त, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेल्या फुलांतलीही थोडीच फळ धरतात. काळजी केव्हा करायची? मोहोराखाली पांढरं फडकं धरून फांदी हलवा. पाचरीसारखे बारीक किडे टुणटुण उडाले तर ते तुडतुडे. ते रस शोषतात, त्यांच्या चिकट स्रावाने पानं चकाकतात आणि मग त्यावर काळी बुरशी चढते. देठांवर पीठ भुरभुरल्यासारखं दिसलं तर ती भुरी. ढगाळ, दमट हवेत ती झपाट्याने पसरते. भुरीवर पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटरला २० ग्रॅम. भर उन्हात मारू नका, कोवळी पालवी करपते. कीटकनाशक मात्र फुललेल्या मोहोरावर नको. माश्या आणि मधमाश्याच मेल्या तर फळ धरणार कोण?

पळसाची गळलेली फुलंही झाडून फेकू नका. सावलीत वाळवा. दोन मुठी सुकी फुलं लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी मंद आचेवर पंधरा मिनिटं उकळा. पिवळसर केशरी रंग उतरतो. चिमूटभर चुन्याने तो गडद होतो. चुना जास्त झाला तर कातडी चुरचुरते, म्हणून मुलांच्या रंगात तो घालूच नका. दुहेरी फडक्यातून गाळा, नाहीतर पिचकारी तुंबते. चोथा मोगऱ्याच्या आळ्यात टाका. त्यालाही आता कळ्या धरायच्या आहेत.