सांधा तयार होईपर्यंत

नमस्कार श्रोतेहो. आज हाडाच्या कॅन्सरविषयी. सुरुवातीलाच एक सांगतो, आणि पुढं पुन्हा सांगणार आहे: लेकराला रात्री झोपेतून उठवणारं हाडाचं दुखणं चोळत बसू नका. एक्स-रे काढा.

साठीच्या माणसाच्या हाडात कॅन्सर निघाला, तर तो बहुतेक वेळा स्तनाचा, फुप्फुसाचा नाहीतर प्रोस्टेटचा तिथवर पोचलेला असतो. त्याचा उपचार मूळ जागेप्रमाणे होतो, तो आजचा विषय नाही. आज बोलायचं ते 10 ते 20 वर्षांच्या पोरांविषयी. या वयात हाडातच सुरू होणारा, सगळ्यांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. तसा विरळा, पण जागा ठरलेल्या. मांडीच्या हाडाचं खालचं टोक, नडगीचं वरचं टोक, म्हणजे गुडघ्याच्या वर आणि गुडघ्याच्या खाली. आणि त्यानंतर दंडाचं खांद्याजवळचं टोक. वाढत्या वयात हाड जिथं झपाट्यानं वाढतं, तिथंच हा निघतो.

पोरगं म्हणतं, "माय, गुडघा लई दुखायलाय." चार दिवसांमागं कबड्डीत पडलेलं असतं. मग मुका मार म्हणून तेल, लेप, चोळणं. मारानं कॅन्सर होत नाही. मारामुळं आपलं तिकडं लक्ष जातं, एवढंच. मुका मार दोन-तीन आठवड्यांत उतरत जातो. हे दुखणं चढत जातं, रात्री जास्त, मग सूज, मग लंगडणं. अशा वेळी एक्स-रे दोन बाजूंनी काढा, समोरून आणि कडेनं. आणि फिल्म जपून ठेवा. आपल्याकडं जुन्या फिल्मा ग्रहण बघायला बाहेर निघतात. त्यातून सूर्याकडं बघितलं की डोळ्याच्या पडद्याला इजा होते, आणि डॉक्टरांना तुलनेला फिल्म उरत नाही ती नाहीच.  

आता उपचार. लोकांना वाटतं, आधी गाठ काढायची, मग औषध. इथं क्रम वेगळा: आधी केमोथेरपी, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमोथेरपी. हा क्रम कसा पडला, ती गोष्ट मला फार आवडते.

1970 च्या आधी या आजारावर एकच इलाज होता, पाय वरून कापणं. गाठ पायासकट गेली तरी दहांतली आठ पोरं पुढं दगावायची, बहुतेक फुप्फुसातल्या गाठींनी. निदानाच्या दिवशीच डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी फुप्फुसात जाऊन बसलेल्या असत.

न्यूयॉर्कच्या मेमोरियल हॉस्पिटलात राल्फ मार्कोव्ह नावाचे सर्जन होते. पाय ठेवून फक्त रोगट हाड काढायचं आणि तिथं धातूचा सांधा बसवायचा, असं त्यांनी सुरू केलं. पण सांधा तयार मिळेना. प्रत्येक पोराच्या मापाचा वेगळा घडवावा लागे आणि त्याला दोन-तीन महिने जात. गुडघ्यात गाठ वाढतेय, आणि सांधा कारखान्यात! तिथले बालकॅन्सरतज्ज्ञ जेराल्ड रोझेन म्हणाले, औषधं ऑपरेशननंतर द्यायचीच आहेत, तर सांधा येईपर्यंत आत्ताच सुरू करू.

औषध कुठलं? मुख्य म्हणजे मेथोट्रेक्सेट. संधिवाताला ते आठवड्याला 10-15 मिलिग्रॅम देतात. इथं शरीराच्या प्रत्येक चौरस मीटरला 8 ते 12 ग्रॅम, तेही शिरेतून. ग्रॅम म्हणतोय मी, मिलिग्रॅम नव्हे. एवढा डोस तसाच सोडला तर जीव जाईल, म्हणून साधारण 24 तासांनी ल्युकोव्होरिन हा उतारा सुरू करतात आणि रक्तातलं औषध उतरेपर्यंत देत राहतात. त्या दिवसांत दुखतंय म्हणून डायक्लोफेनॅकची गोळी मनानं दिली, तर मेथोट्रेक्सेट किडनीतून बाहेर पडत नाही, अंगात साठतं.

तर, सांधे आले, ऑपरेशनं झाली. काढलेली हाडं पॅथॉलॉजिस्ट अँड्र्यू हुवोस यांच्याकडं गेली. अशी हाडं उभी चिरतात, आम्लात मऊ करतात, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली धरतात. काही पोरांच्या हाडात गाठ होती तिथंच होती, पण पेशी मेलेल्या! काहींच्यात मात्र जिवंत. म्हणजे औषध कुणाला लागू पडलं, कुणाला नाही, हे काढलेलं हाडच दाखवत होतं. आजही रिपोर्टात तोच आकडा बघतात: 90 टक्के किंवा जास्त गाठ मेलेली असेल तर प्रतिसाद चांगला. आता सांध्याचे सुटे भाग तयार मिळतात, तरी ऑपरेशनआधीचे ते दोन-तीन महिने आपण ठेवलेच. आणि रोग पसरण्याआधी सापडला, उपचार पुरा झाला, तर दहांतली सहा-सात पोरं पाच वर्षांनंतरही हिंडती-फिरती असतात.

वेळ थोडा उरलाय, म्हणून भरभर सांगतो. एमआरआय आधी, बायोप्सी, म्हणजे सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासणं, नंतर. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही भीती सोडा. पण सुई कुठून घालायची हे पुढं ऑपरेशन करणाऱ्या सर्जननंच ठरवायचं, कारण सुईची वाटही ऑपरेशनमध्ये हाडासोबत काढतात. पू समजून भलतीकडं चीर दिली, की वाचणारा पाय जातो. छातीचा सीटी स्कॅन चुकवू नका. संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, परळला टाटा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेची चौकशी पहिल्याच दिवशी करा, रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांसाठी शेवटचं. केमो चालू असलेलं लेकरू कोप्यावर नेऊ नका. नाइलाजच झाला तर फाइल आणि थर्मामीटर बरोबर. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्यात ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही. रात्रीच दवाखाना गाठा, आणि दारातच सांगा: "केमो चालू आहे, ताप आलाय." नमस्कार.