उणे दहा अंशात ह्यूस्टन: आमचं घर, कासवं आणि पुलाखालची वटवाघळं

हा पाइपचा तुकडा बघा. तांब्याचा आहे, माझ्या हातभर लांब, आणि इथे मधोमध ही चीर दिसतेय का, जरा कॅमेऱ्याजवळ आणते, उकडलेल्या शेंगेची शिवण उलते ना तशी उललीय. कुणी हातोडा मारलेला नाही. आतल्या पाण्याने केलंय हे. फेब्रुवारी २०२१ मध्ये, आमच्या माळ्यावर, आणि आम्ही खाली हॉलमध्ये चार रजया घेऊन बसलेलो, आम्हाला पत्तापण नव्हता.

तर मंडळी, मी ह्यूस्टनला राहते, टेक्सासमध्ये. इथे मे ते सप्टेंबर आपल्या नागपूरसारखं ऊन आणि वर मुंबईचा घाम. हिवाळा म्हणजे एक स्वेटर, तोही गाडीत पडलेला असतो. माझी आई नाशिककडची, तिच्यासाठी थंडी म्हणजे निफाडचा पारा चार-पाचवर आला की द्राक्षबागांमधून रात्री शेकोट्या पेटवायच्या, कारण मणी तडकतात. तिला मी व्हॉट्सअ‍ॅपवर सांगितलं की आमच्याकडे उणे दहा झालंय, तर ती म्हणाली अगं पण अमेरिकेत असते ना तशी थंडी. आणि हाच तो गैरसमज आहे ज्याच्यासाठी मी हा व्हिडिओ करतेय.

कारण बघा, त्याच आठवड्यात मिनिआपोलिसला पारा उणे २५ च्याही खाली गेला होता आणि तिथे लोक ऑफिसला जात होते, पोरं बर्फात खेळत होती. आणि आमच्याकडे, १६ फेब्रुवारीला ह्यूस्टन साधारण उणे साडेदहा, डॅलस उणे १९ च्या आसपास, डॅलसला तर १९४९ नंतर एवढी थंडी पडलीच नव्हती, आणि टेक्सासचे सगळेच्या सगळे २५४ जिल्हे एकाच वेळी हिवाळी वादळाच्या इशाऱ्याखाली. म्हणजे नुसता आकडा बघून काही कळत नाही. थंडी कुठे पडली आणि तिथे तिची सवय कुणाला होती, घराला होती का, नळाला होती का, माणसाला, कासवाला होती का, सगळं त्याच्यावर ठरतं.

आली कुठून एवढी थंडी? उत्तर ध्रुवावर हिवाळ्यात खूप उंचावर थंड वाऱ्यांचा एक मोठा भोवरा फिरत असतो, पोलर व्होर्टेक्स म्हणतात त्याला. तो जोरात फिरत असला की थंडी वरच कोंडलेली राहते. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला त्या उंचावरची हवा अचानक तापली, भोवरा ढिला पडला, वेडावाकडा झाला, आणि मग काही आठवड्यांनी ती ध्रुवाकडची हवा खाली घसरत घसरत थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत आली. मध्ये अडवायला आडवा डोंगर नाही. कॅनडापासून इथपर्यंत मैदानच मैदान, त्यामुळे उतारावर पाणी सोडल्यासारखी येते ती.

आता घर. इथली घरं उन्हासाठी बांधलेली आहेत. पाण्याचे पाइप माळ्यावरून किंवा बाहेरच्या भिंतीतून नेलेले, कारण गोठायचा प्रश्नच कुणाच्या डोक्यात नसतो. उत्तरेकडे हेच पाइप जमिनीत खोल आणि घराच्या आतल्या बाजूने असतात. पाण्याचा बर्फ झाला की ते साधारण ९ टक्के फुगतं, जागा मिळाली नाही की पाइपात दाब वाढतो आणि मग हे असं होतं. आणि फुटतो तेव्हा कळतही नाही, कारण आत बर्फाचं बूच बसलेलं असतं. बर्फ वितळला की छतातून धबधबा. आमच्याकडे बेडरूमच्या छताचा पापुद्रा आधी फुगला आणि मग अख्खा खाली आला, आणि मला मेन व्हॉल्व्ह कुठे आहे हेच माहीत नव्हतं. शेजारचे आजोबा, सत्तरीच्या पुढचे, ते पाना घेऊन धावत आले आणि बागेतल्या एका झाकणाखाली हात घालून त्यांनी पाणी बंद केलं. तो माणूस नसता तर काय झालं असतं मला विचारवत नाही.

आणि लाइट. १५ फेब्रुवारीच्या पहाटे दीडच्या सुमारास लाइट गेले. लोडशेडिंग आपल्याला नवीन नाही, पण हे वेगळं होतं. टेक्सासची बरीचशी ग्रीड, म्हणजे वीजकेंद्रं आणि तारांचं जाळं, ही बाकीच्या अमेरिकेपासून तोडलेली, स्वतंत्र आहे, बाहेरून वीज घ्यायची म्हटली तर फार थोडी घेता येते. इथल्या निम्म्याहून जास्त घरांत हीटर विजेवर चालतो, ते सगळे एकदम सुरू, आणि नेमकी त्याच वेळी वीजकेंद्रं बंद पडायला लागली. पवनचक्क्या गोठल्या म्हणून झालं असं खूप लोकांनी सांगितलं, पण सगळ्यात मोठा फटका गॅसचा होता. विहिरींच्या तोंडाशीच गॅसमधलं पाणी गोठलं, गॅस कमी आला, गॅसवरची वीजकेंद्रं बंद, म्हणून लोडशेडिंग केलं, आणि त्या लोडशेडिंगमध्ये गॅस ढकलणाऱ्या पंपांचीच वीज कापली गेली कारण ते महत्त्वाच्या यादीत नोंदवलेलेच नव्हते. म्हणजे अजून कमी गॅस, अजून कमी वीज.

इथे ग्रीड ६० हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला ६० आवर्तनांच्या ठेक्यावर चालते, आपल्याकडे ५०, आणि वीज मागणीपेक्षा कमी पडली की हा आकडा घसरतो. त्या पहाटे ती ५९.४ च्या खाली गेली आणि ४ मिनिटं २३ सेकंद तिथेच राहिली. ९ मिनिटं राहिली असती तर उरलेली केंद्रंही स्वतःला वाचवायला आपोआप सुटी झाली असती आणि अख्खी ग्रीड कोसळली असती, मग परत उभी करायला कदाचित कित्येक आठवडे. ते टाळायला २०,००० मेगावॉट भार तोडला. ४५ लाखांहून जास्त घरं अंधारात गेली, काही तासांसाठी नाही, कित्येकांची दोन-तीन दिवस. राग मला याचा येतो की २०११ च्या फेब्रुवारीत अशीच थंडी येऊन गेली होती, असेच लाइट गेले होते, चौकशी झाली, केंद्रांना थंडीसाठी तयार करा असं लिहून दिलं गेलं, आणि सक्ती मात्र कुणी केली नाही. एल पासो शहर याच राज्यात पण त्यांची ग्रीड वेगळी, तिथल्या वीजकंपनीने २०११ नंतर खर्च करून तयारी केली होती, तिथे २०२१ मध्ये लाइट जवळजवळ गेलेच नाहीत. सक्तीचा कायदा आला तो २०२१ च्या जूनमध्ये.

सरकारी आकडा २४६ मृत्यूंचा आहे. त्यातले बहुतेक गारठून गेले, आणि त्यातले कित्येक स्वतःच्या घरात, स्वतःच्या पलंगावर. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली गेलं की हायपोथर्मिया सुरू होतो, आधी हुडहुडी भरते, दात वाजतात, हे चांगलं लक्षण आहे बरं का, शरीर स्नायू हलवून ऊब तयार करत असतं. कुडकुडणं थांबलं आणि माणूस अजून गार जागेतच आहे, तर घाबरायचं. मग बोलणं जड होतं, माणूस गोंधळतो, काही जणांना तर गरम होतंय असं वाटून ते अंगावरचे कपडे काढायला लागतात. म्हाताऱ्या माणसांना थंडी वाजतेय हेच उशिरा कळतं. आणि ज्यांच्या घरी ऑक्सिजनचं मशीन, ते विजेवर चालणारं.

दुसरी गोष्ट कार्बन मोनॉक्साइड. लोकांनी बार्बेक्यूची कोळशाची शेगडी घरात आणली, काहींनी बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू करून ऊब घेतली. या वायूला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट घट्ट चिकटतो. आपल्याकडे बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेले लोक सकाळी उठले नाहीत, किंवा खिडकी नसलेल्या बाथरूममधला गॅस गीझर, या बातम्या दर हिवाळ्यात वाचतो ना आपण, तेच हे.

आता समुद्राकडे चला, कारण मला त्या आठवड्यातलं सगळ्यात जास्त आठवतं ते हेच.

टेक्सासच्या दक्षिण टोकाला साउथ पाद्रे आयलंड आहे, आणि ते बेट आणि मुख्य जमीन यांच्या मधे लगुना माद्रे नावाची लांबच लांब खाडी. उथळ, सरासरी जेमतेम कमरेएवढी खोल, तळाला समुद्री गवत. हिरव्या कासवांची पिल्लं आणि तरुण कासवं तिथे चरायला राहतात. एकोणिसाव्या शतकात याच किनाऱ्यावर कासवाचं मांस डब्यात भरायचे कारखाने होते, आणि १९०० पर्यंत इतकी कासवं मारली गेली की तो धंदाच बुडाला. मग शंभर वर्षं, संरक्षण वगैरे होऊन, आता कुठे ती हजारांनी परत आली होती.

आणि उथळ पाणी लवकर तापतं तसं लवकर गारही होतं. कासवाचं रक्त आपल्यासारखं स्वतःची ऊब धरून नसतं, पाणी जसं तसं शरीर. पाणी १० अंशांच्या खाली गेलं की त्याचं हृदय मंदावतं, पाय हलत नाहीत, खाली जाता येत नाही, नुसतं लाकडासारखं तरंगत राहतं. कोल्ड-स्टन म्हणतात याला. जिवंत असतं, पण श्वासासाठी डोकं वर काढायची ताकद नाही म्हणून बुडतं, नाहीतर बोटीखाली येतं, नाहीतर वाऱ्याने किनाऱ्यावर येऊन पडतं. खोल समुद्रात ऊबदार पाणी असतं, पण लगुना माद्रेतून बाहेर जायला वाटा मोजक्याच, आणि थंडी इतक्या झपाट्याने आली की कासवं त्या वाटांपर्यंत पोचलीच नाहीत.

दहा हजारांहून जास्त कासवं त्या दिवसांत टेक्सासच्या किनाऱ्यावर अशी सापडली. सी टर्टल इन्कॉर्पोरेटेड नावाची संस्था आहे तिथे, त्यांची जागा भरली, मग गावातलं कन्व्हेन्शन सेंटर उघडलं आणि जवळजवळ पाच हजार कासवं तिथल्या फरशीवर ओळीने. मच्छीमार बोटी भरून आणतायत, लोक गाडीच्या डिकीत, मागच्या सीटवर कासवं घालून आणतायत, आणि यातल्या बऱ्याच लोकांच्या स्वतःच्या घरी लाइट नाहीत, पाणी नाही. संस्थेच्या टाक्यांचे हीटर बंद पडले तेव्हा जवळच्या स्पेसएक्सने मोठा जनरेटर आणून दिला. आणि त्यांना एकदम गरम करायचं नसतं हां, हीटरसमोर ठेवलं तर मरेल, हळूहळू, दिवसाला थोडेच अंश. मेलेलं वाटणारं कासव दोन दिवसांनी पाय हलवतं. सगळी वाचली नाहीत, खूप गेली. पण पाणी परत कोमट झाल्यावर बोटीवरून घसरगुंडी लावून एकामागून एक कासवं आखातात सोडली, तो व्हिडिओ मी किती वेळा पाहिलाय. वेळासला पिल्लं समुद्रात सोडताना पाहिली असतील तुम्ही, ती ऑलिव्ह रिडले, इवलीशी, पण बघणाऱ्यांचे चेहरे अगदी तेच.

माशांना उचलून आणायला कुणी नव्हतं. राज्याच्या वन्यजीव खात्याच्या अंदाजाने निदान ३८ लाख मासे मेले, ६१ जातींचे. एक गोष्ट मला इथे शिकायला मिळाली, थंडीत मासे खोल खड्ड्यांत गोळा होतात, आणि गारठून सुस्त झालेले असल्यामुळे पकडायला एकदम सोपे, म्हणून अशा वेळी त्या जागी मासेमारी बंद करायचा कायदाच आहे. स्पॉटेड सीट्राउट नावाचा मासा इथे खूप आवडीचा, त्याची पकडायची मर्यादा नंतर लगुना माद्रेत पाचवरून तीनवर आणली.

आणि आमच्या शहरातली वटवाघळं. वॉ ड्राइव्हच्या पुलाखाली, सिमेंटच्या फटींमध्ये, काही लाख मेक्सिकन फ्री-टेल्ड वटवाघळं राहतात. एकेकाचं वजन जेमतेम १२ ग्रॅम. ऑस्टिनच्या पुलाखालची बहुतेक हिवाळ्यात मेक्सिकोला जातात, पण ह्यूस्टनची इथेच थांबतात, कारण इथे हिवाळ्यातही किडे मिळतात. गारठ्याचे एक-दोन दिवस ती अंग थंड करून, सुस्त होऊन काढतात. पण पाच-सहा दिवस शून्याच्या आसपास, किडे नाहीत, अंगातली चरबी संपली, सिमेंट गार, मग पायांची पकड सुटते आणि पंधरा-वीस फुटांवरून खाली. २०२१ मध्ये पुलाखाली ढीग पडले होते. मी गेले होते बघायला रस्ते मोकळे झाल्यावर, आणि परत आले, शूट नाही केलं.

डिसेंबर २०२२ मध्ये ख्रिसमसच्या आधी पुन्हा तशीच थंडी आली. या वेळी ह्यूस्टन ह्युमेन सोसायटीच्या वन्यजीव केंद्राने पुलांखाली पडलेली गोळा केली, १,६०० च्या आसपास. त्यांना ऊब दिली, कातडीखाली सलाइन दिलं, आणि मग एका घराच्या माळ्यावर खोक्यांत ठेवली कारण तिथे थंड पण गोठणार नाही एवढंच तापमान राहतं, जागी झाली असती तर त्यांना खायला काय देणार. थंडी ओसरल्यावर पुलांखाली नेऊन सोडली.

अजून एक, लहानसाच जीव. आमच्या कुंपणावर हिरवे अनोल सरडे असतात. २०१३-१४ च्या कडक हिवाळ्यानंतर संशोधकांनी टेक्सासच्या अगदी दक्षिणेचे, ब्राउन्सव्हिलचे सरडे तपासले, आणि जे वाचले होते ते थंडी सोसण्यात उत्तरेकडच्या सरड्यांसारखे निघाले. म्हणजे जे कच्चे होते ते गेले, एका हिवाळ्यात. काही लोक हे ऐकून म्हणतात बघा, निसर्ग जुळवून घेतो. घेतो, पण जे मेले त्यांच्या जिवावर घेतो.

आता टेक्सासला नवीन आलेले विद्यार्थी, नवीन घर घेतलेली जोडपी, खूप जण मला मेसेज करता, तुमच्यासाठी सांगते. पारा शून्याखाली जाणार म्हटलं की बाहेरच्या भिंतीकडचे नळ रात्रभर बारीक धारेने सुरू ठेवा. बाहेरच्या नळांना जुने टॉवेल गुंडाळा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बॅटरीवाला घ्या. आजूबाजूला एकटं राहणारं वयस्कर कुणी असेल तर लाइट गेल्यावर फोन नाही, दार वाजवा. अंगणात वटवाघूळ पडलेलं दिसलं तर उघड्या हाताने उचलू नका, रेबीजचा धोका असतो, टॉवेलने खोक्यात ठेवा आणि वन्यजीव केंद्राला फोन करा. थंडीत किनाऱ्यावर सुन्न पडलेलं कासव दिसलं तर परत पाण्यात ढकलू नका, तो दयाळूपणा वाटतो पण ते बुडेल.

आणि मेन व्हॉल्व्ह. आमच्या बागेत तो फाटकापासून तीन पावलांवर आहे, हिरव्या झाकणाखाली, शेजारी पाना टांगलेला. तुमचा कुठे आहे? माहीत नसेल तर व्हिडिओ इथेच थांबवा आणि आत्ता उठून बघून या.