भेग बुजवणारे जिवाणू

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

दिवाळी आटोपली की नाल्यावरच्या सिमेंट बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला उतरून भिंत बघा. कुठंतरी ओला ओघळ दिसेल, कडेनं पांढरी खार दिसेल. आत सळई असेल तर तांबूस डागही असेल. भेग केसाएवढीच असते, पण तिच्यातून पाणी आणि हवा सळईपर्यंत पोचते. सळई गंजली की फुगते, आणि फुगली की काँक्रीट फोडते.

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठातले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ हेंक योंकर्स यांनी २००६ च्या सुमारास जिवाणूंकडून अशा भेगा बुजवून घेण्यावर काम सुरू केलं. काँक्रीटच्या आत अल्कता इतकी तीव्र असते की साधे जिवाणू जगत नाहीत. म्हणून त्यांनी अल्कधर्मी पाण्यात, मातीत तग धरणारे बॅसिलस कुळातले जिवाणू घेतले. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवरातही अशा कुळातले जिवाणू आहेत बरं का!

या जिवाणूंचे बीजाणू, सोबत कॅल्शियम लॅक्टेट हे त्यांचं खाद्य, माल कालवतानाच टाकतात. कोठीतल्या बियाण्यासारखे ते वर्षानुवर्षं निजून राहतात. भेगेतून पाणी शिरलं की जागे होतात, खाद्य खातात आणि चुनखडी तयार होते. चंद्रपूर जिल्ह्यात कोरपना-गडचांदूरकडे सिमेंटसाठी खणतात तीच चुनखडी. काही आठवड्यांत ०.८ मिलिमीटरपर्यंतची भेग बुजते. शिवाय खाताना ते आतला प्राणवायू वापरून टाकतात, त्यामुळे सळईचा गंजही मंदावतो.

घराच्या भिंतींसाठी मात्र यावर भिस्त ठेवू नका. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया हलला की तीच भेग दरवर्षी उघडते, मिटते. तिथं चुनखडी टिकत नाही. तिथं काळी माती काढून मुरूमच भरावा लागतो. आणि मे महिन्यात स्लॅब टाकून दोन दिवसांत तराई (पाणी मारणं) बंद केली, तर त्याची भरपाई कोणताच जिवाणू करणार नाही.

हे काँक्रीट साध्यापेक्षा बरंच महाग पडतं. म्हणून माझं ठाम मत आहे, की ते आधी बंधाऱ्यांना आणि कालव्यांच्या अस्तराला वापरून बघावं. तिथं भेगेला पाणी मिळतं, आणि पाण्याशिवाय हे जिवाणू जागे होत नाहीत. विदर्भातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी लोणारचे जिवाणू घेऊन एखाद्या गावच्या नाल्यावर ही चाचणी करावी. बंधारा भरला की पाणी कुठं झिरपतं आणि कधी थांबतं, याची नोंद गावातल्या शाळेची पोरंही ठेवू शकतील.