कॉर्कमधला नाताळ आणि कोरडा बटाटा

नमस्कार, श्रोतेहो. डिसेंबर लागला की मला कॉर्कमधलं एक स्वयंपाकघर आठवतं. कॉर्क म्हणजे आयर्लंडच्या दक्षिणेकडचं शहर. आम्ही तिथे सहा वर्षं राहिलो. नाताळाच्या दिवसांत तिथे साडेआठनंतर सूर्य उगवतो आणि साडेचारच्या आत मावळतो. पंचवीस तारखेला बस नाही, रेल्वे नाही, दुकानं बंद. घरात भरून ठेवलं असेल तेवढ्यावर सण. आदल्या संध्याकाळी मेरी आणि जोसेफ यांना वाट दिसावी म्हणून खिडकीत मेणबत्ती लावतात. ती घरातल्या सर्वांत धाकट्यानं लावायची.

जेवणात टर्की, म्हणजे कोंबडीहून मोठा पक्षी, आणि हॅम, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, दोन्ही. सोबत पावाचं स्टफिंग, गाजर, ब्रसेल्स स्प्राउट्स, ग्रेव्ही, क्रॅनबेरी सॉस आणि बटाटे. भाजलेले वेगळे, कुस्करलेले वेगळे, एकाच ताटात. १८४५ पासून काही वर्षं आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला. सुमारे दहा लाख माणसं भुकेनं आणि साथींनी गेली, जवळपास तितकीच देश सोडून गेली. त्या देशात सणाच्या ताटात बटाटा दोनदा वाढतात, याचं मला फार मोल वाटतं.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या. चाळीस वर्षं हे जेवण त्यांनी एकटीनं रांधलं होतं. एका वर्षी नाताळाला आठ दिवस उरले असताना त्या अंगणात घसरल्या आणि उजव्या हाताचं मनगट मोडलं. तिन्ही मुलं, सुना, नातवंडं येणार होती. त्याच सुमारास माझ्या सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदा-लसूणसुद्धा बेतानं. मी त्यांना आजींचं सांगितलं तर म्हणाल्या, "मांसाला मी हात लावणार नाही. पण त्या बाईच्या घरी पंचवीस माणसांचं राबणं आहे आणि आपण इथे बसायचं? बटाटे माझ्याकडे दे."

पंचवीस नव्हती, चौदा होती. पण बटाटे सहा किलो होते.

आजी खुर्चीत बसून सूचना देत होत्या, इंग्रजीत. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, मराठीत बोलत होत्या. मी दोघींच्या मधे आणि टर्कीपाशी. कुस्करायच्या बटाट्यांची सालं काढायला मी सुरी घेतली, तर आई म्हणाल्या, "अगं, सोलून उकडलेस तर पाणी पितात ते." आणि त्याच क्षणी आजी खुर्चीतून म्हणाल्या, सालासकट, सालासकट! दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यानंतर त्यांना माझी गरज राहिली नाही.

बटाटे उकडले, पाणी ओतून टाकलं. आता आजींच्या घरची खूण अशी, की पातेल्यावर झाकण नाही, सुती फडकं टाकायचं. वाफ फडक्यात जाते आणि बटाटा कोरडा होतो. त्या डाव्या हातानं फडक्याचा खण दाखवत होत्या, तोवर आईंनी खांद्यावरचा पंचा काढून पातेल्यावर टाकलासुद्धा! सांगलीला वड्यासाठी बटाटे उकडले की त्या हेच करतात. आजी इतक्या हसल्या, की मनगट दुखलं त्यांचं.

मग लोण्यावरून जुंपली. आईंनी चमचाभर घातलं. आजींनी मान हलवली. आणखी चमचाभर. पुन्हा मान हलली. शेवटी आजींनी २२७ ग्रॅमची अख्खी वडी पुढे सरकवली. गरम दूध, पातीचा कांदा, मीठ, मिरपूड. स्टफिंगचंही तसंच झालं. पावाचा चुरा, लोण्यात परतलेला कांदा, थाइम नावाचा सुगंधी पाला. आई म्हणाल्या, "ही तर फोडणीची पोळी, नुसती फोडणी राहिली." त्यांच्यासाठी टर्कीचा स्पर्श नसलेला एक ट्रे वेगळा भाजला.

जेवायला बसल्यावर आजींच्या थोरल्या मुलानं बटाट्याचा पहिला घास घेतला आणि आईला म्हणाला, यंदाही अगदी तुझ्यासारखाच झालाय. आमच्या आईंनी मला विचारलं, काय म्हणाला? मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली आणि त्याच्या ताटात आणखी एक डाव वाढला.

तर श्रोतेहो, बटाटा कोरडा हवा. पुन्हा सांगते, बटाटा कोरडा हवा. आपल्याकडे जुना, पिठूळ बटाटा घ्या, नवा चिकट होतो. आणि कुकर नको. शिट्ट्यांनी बटाटा पाणचट होतो. हल्ली कितीतरी गाड्यांवरचा वडा आतून चिकट लागतो तो कुकरमुळेच, असं माझं ठाम मत आहे. वड्याला बटाटा हातानं फोडलेलाच हवा, यंत्रातून काढलेला नको. असो.

भाजायचे बटाटे मात्र सोलून, आठ-दहा मिनिटं उकडून, पाणी काढून, झाकण लावून पातेलं हिसडायचं. कडा खरबरीत होतात, तिथेच कुरकुरीतपणा येतो. तेल ट्रेमध्ये आधी कडकडीत तापवा, मग बटाटे घाला. २०० अंशांवर पाऊण तास.

हॅम रात्रभर पाण्यात ठेवा, खारटपणा उतरतो. नव्या पाण्यात शिजवा, कातडी काढा, चरबीवर शंकरपाळ्यासारख्या रेघा पाडा, प्रत्येक चौकोनात लवंग टोचा, मोहरीची पेस्ट आणि ब्राउन शुगर लावून ओव्हनमध्ये घाला. टर्की मिळाली नाही तर दोन अख्ख्या कोंबड्या घ्या. भाजल्यावर अर्धा तास झाकून ठेवा. ओव्हन बटाट्यांसाठी मोकळा होतो.

कॉर्क आणि शेजारच्या केरी भागात ६ जानेवारीला 'नोलिग ना मान', म्हणजे बायकांचा नाताळ असतो. त्या दिवशी घरकाम पुरुषांनी करायचं आणि बायकांनी भेटायला बाहेर पडायचं. आपल्याकडे भाऊबीज झाल्यावर असा एक दिवस असावा, असं मी दर दिवाळीला घरात बोलून दाखवते. त्या दिवशी आजींनी आईंना चहाला बोलावलं. मी सोबत निघाले, तर आई म्हणाल्या, "तू कशाला? आमचं आम्हाला कळतं."

आई सांगलीला परतताना तो पंचा आजींकडेच राहिला. पुढच्या डिसेंबरात आजींनी कुंपणापाशी मला थांबवलं. पंचा विरला होता. तसाच दुसरा कुठे मिळेल, असं विचारत होत्या. आईंनी दोन पाठवले.