बाहेर पडायचा नकाशा आणि फुकटातलं सॉफ्टवेअर

29 डिसेंबर 2017. मध्यरात्र उलटून गेलेली. मुंबईत लोअर परळला, कमला मिल्सच्या आवारात, गच्चीवरच्या पबला आग लागली आणि 14 जण गेले. त्यांतले बरेचसे स्वच्छतागृहात सापडले, धुरानं गुदमरलेले.

अशी आग लागली की पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये विषय निघतोच: दर मजल्यावर बाहेर पडायच्या वाटेचा नकाशा लावू या. ठराव होतो, टाळ्याही वाजतात. मग कोणीतरी विचारतं, काढायचा कशात?

पहिलं नाव येतं ऑटोकॅडचं. बिल्डरचे नकाशे त्यातच असतात ना! सॉफ्टवेअर उत्तम, त्यात वाद नाही. पण 2016 पासून त्याचं कायमचं लायसन्स विकत मिळत नाही; महिन्याचं किंवा वर्षाचं भाडं भरायचं. आर्किटेक्टचं ते रोजचं काम, त्याला परवडतं. सोसायटीला सात मजल्यांचे सात नकाशे एकदा काढायचेत. नंतर एखादं दार हललं, जिन्याला ग्रिल बसली, तरच फाइल उघडायची. तेवढ्यासाठी भाडं कशाला? (डीटीपीवाल्याकडे ‘क्रॅक’, म्हणजे चोरीची कॉपी, असतेच म्हणा, पण तो उद्योग सोसायटीच्या नावावर नको.)

फुकट म्हटलं की निर्धास्त, असंही नाही. ड्राफ्टसाइट हे ऑटोकॅडसारखंच सॉफ्टवेअर कितीतरी वर्षं मोफत मिळायचं. 2019 संपलं आणि मोफत आवृत्तीही संपली. म्हणून किमतीच्या आधी हे बघायचं, की आज काढलेला नकाशा पाच वर्षांनी पैसे न भरता उघडून दुरुस्त करता येईल का.

इथे लिब्रेकॅड आणि इंकस्केप ही चित्रं-नकाशे काढायची सॉफ्टवेअर कामाला येतात. दोन्ही मुक्त, मोफत, आणि साध्या लॅपटॉपवर चालणारी. भिंतींची अचूक मापं हवी असतील तर लिब्रेकॅड. पण आपल्याला बांधकाम करायचं नाहीये. घाबरलेल्या माणसाला जिना दाखवायचाय. त्यासाठी एकटं इंकस्केपही पुरतं.

समजा, पडद्यावर इंकस्केप उघडलंय. महापालिकेनं मंजूर केलेला नकाशा स्कॅन करून खाली ठेवलाय, फिकट करून. त्यावर नव्या लेयरमध्ये, म्हणजे वरच्या पारदर्शक थरात, फक्त भिंती, दारं, पॅसेज आणि जिने गिरवायचे. फर्निचर नको, टाइल्स नकोत, बाथरूमची मापं तर नकोतच. पॅसेजची एक भिंत टेपनं मोजून घ्या, म्हणजे प्रमाण जुळतं. 1:100 धरलं तर कागदावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे 1 मीटर. ए-3 कागद 42 सेंटिमीटर लांब, म्हणजे बहुतेक इमारतींचा अख्खा मजला त्यावर मावतो आणि चिन्हांच्या खुलाशाला जागाही उरते.

रंग मनाचे नकोत. आयएसओ 23601 हे आंतरराष्ट्रीय मानक खास याच नकाशांसाठी आहे. सुटकेची वाट हिरवी, आग विझवायची साधनं लाल, ‘तुम्ही इथे आहात’ निळं.

आणि आता ती गोष्ट, जी महागड्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या नकाशांतही हमखास चुकलेली दिसते. नकाशा ज्या भिंतीवर लागणार, तिच्यासमोर उभ्या माणसाच्या उजव्या हाताला जिना असेल, तर कागदावरही तो उजवीकडेच हवा. समोरच्या भिंतीवर तोच कागद तसाच चिकटवला की जिना डावीकडे जातो. उजेडात माणूस मनातल्या मनात नकाशा फिरवून घेतो. धुरात कोण फिरवणार? म्हणून रेषा एका लेयरवर, अक्षरं आणि चिन्हं दुसऱ्यावर. रेषा 180 अंशांत फिरवा, अक्षरं सरळ ठेवून नव्या जागी सरकवा, निळा ठिपका हलवा. थोडक्यात काम होतं.

अक्षरं मराठीतच हवीत. वॉचमन, घरकाम करणाऱ्या बाया, गावाहून आलेले आजी-आजोबा, सगळ्यांना वाचता यायला हवं. इंकस्केपमध्ये युनिकोड देवनागरी नीट उमटते, जोडाक्षरं फुटत नाहीत. ‘लिफ्ट वापरू नका’, अग्निशमन दलाचा ‘101’, खाली जमायची जागा. बस, एवढंच.

ऑनलाइन मिळणारे तयार साचे झटपट वाटतात, पण ते बहुतेक परदेशी ऑफिसांचे. त्यांत रेफ्युज एरिया (उंच इमारतीत आगीच्या वेळी थांबायची मोकळी जागा) नाही, चाळीची गॅलरी नाही.

वाचलेले पैसे छपाईवर घाला. अंधारात चमकणाऱ्या विनाइलवर छापलेला नकाशा दिवे गेल्यावरही काही काळ दिसतो. छापायच्या आधी मात्र कच्ची प्रिंट हातात घेऊन सगळे मजले चाला. हिरव्या बाणानं दाखवलेल्या दाराला कुलूप निघालं, दुसऱ्या जिन्यात जुनी कपाटं निघाली, तर नकाशा नाही, जिना दुरुस्त करायचा. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचं फॉर्म बी प्रमाणपत्र, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा नीट चालू असल्याचा दाखला, द्यावंच लागतं. एजन्सीवाले तपासायला येतील तेव्हा नकाशाही त्यांच्या हातात द्या.

मूळ एसव्हीजी फाइल (इंकस्केपमध्ये दुरुस्त करता येणारी) आणि पीडीएफ, दोन्ही सोसायटीच्या ईमेलवर ठेवा. सेक्रेटरीच्या लॅपटॉपवर नको. निवडणुकीनंतर लॅपटॉप त्यांच्याबरोबर घरी जातो.