अकादमीतून मुख्य संघात: बार्सिलोनाची पोरं आणि मिरजेचं मैदान

[दृश्य: माद्रिद. प्रकाशझोतातलं बेर्नाबेऊ मैदान.]

२६ ऑक्टोबर २०२४. माद्रिदमध्ये रात्रीचे नऊ, सांगली-मिरजेत साडेबारा. दिवाळी तोंडावर आलेली, सुट्टीचे दिवस, त्यामुळे घरातलं कुणी फारसं हटकत नाही. मोबाइलवर रियल माद्रिद विरुद्ध बार्सिलोना.

बार्सिलोनाने हा सामना चार-शून्य असा जिंकला. पण गोलांच्या आधी त्यांची बचावफळी पाहा. पार मध्यरेषेजवळ येऊन उभी आहे. पाठीमागे सगळं मैदान मोकळं, आणि समोर किलियन एम्बापे, आजच्या सर्वांत वेगवान आघाडीवीरांपैकी एक. माद्रिदच्या खेळाडूने चेंडू पुढे टाकायच्या क्षणी या फळीने एकसाथ पाऊल पुढे घ्यायचं, म्हणजे एम्बापे ऑफसाइड: पास निघतानाच तो बचावफळीच्या पलीकडे सापडतो आणि त्याचा डाव बाद होतो. एकाचा पाय मागे राहिला तर सरळ गोलच. त्या रात्री माद्रिदचे खेळाडू बारा वेळा ऑफसाइड सापडले, त्यांत एकटा एम्बापे आठ वेळा. ही फळी मधोमध उभं राहून सांभाळणाऱ्यांपैकी एक होता पाऊ कुबार्सी. जिरोना प्रांतातल्या एस्तान्योल या छोट्याशा गावचा मुलगा. वय सतरा. आपल्याकडे या वयात गिअरच्या गाडीचं लायसन्स मिळत नाही.

आता गोल पाहू. पहिला लेवान्डोव्हस्कीचा, पण माद्रिदचा बचाव उघडणारा पास मार्क कसादोचा. दुसराही लेवान्डोव्हस्कीचाच, डोक्याने मारलेला. त्याला क्रॉस दिला आलेहान्द्रो बाल्देने. तिसरा गोल लामिन यामालचा, तोही सतराचाच. चौथा राफिन्याचा. कुबार्सी, कसादो, बाल्दे, यामाल, फेर्मिन लोपेस आणि गोलरक्षक इन्याकी पेन्या: सुरुवातीच्या अकरांपैकी हे सहा जण क्लबच्याच अकादमीत वाढलेले.

[दृश्य: ला मासियाची जुनी दगडी इमारत.]

ती अकादमी म्हणजे ला मासिया. कॅम्प नोऊ मैदानाशेजारचं १७०२ सालचं दगडी शेतघर. १९७९ मध्ये क्लबने बाहेरगावच्या मुलांची राहण्याची सोय इथे केली. २०११ मध्ये मुलं नव्या इमारतीत गेली, नाव तेच राहिलं.

इथला सराव पाहायला गेलं तर फार साधा वाटतो. मुलं गोल करून उभी राहतात, मध्ये दोघं. बाहेरच्यांनी एक-दोन स्पर्शांत चेंडू फिरवत ठेवायचा, मधल्यांनी तो अडवायचा. ज्याचा पास अडला तो मध्ये. याला रोंडो म्हणतात. दहा वर्षांचं पोरही हेच करतं, मेस्सीही हेच करायचा. यात पायांइतकंच काम मानेला असतं. चेंडू आपल्याकडे यायच्या आधी आपला माणूस कुठे, समोरचा कुठे, मोकळी जागा कुठे, हे मान वळवून बघून ठेवायचं. चेंडू पायाशी आल्यावर बघायला वेळच मिळत नाही.

योहान क्रायफ १९८८ ते १९९६ या काळात बार्सिलोनाचा प्रशिक्षक होता. लहान गटांपासून मुख्य संघापर्यंत सगळ्यांनी एकाच पद्धतीने खेळायचं, हा आग्रह त्याच्या काळात रुजला. अकादमीतली पोरं वर जाऊन टिकतात त्याचं मोठं कारण इथे आहे. मुलगा मुख्य संघात गेला की त्याला नव्याने काही शिकावं लागत नाही. त्याची जागा तीच, काम तेच. वाढतो तो चेंडूचा वेग आणि समोरच्याच्या खांद्याचा जोर.

सर्जिओ बुस्केट्स आणि पेद्रो यांचं उदाहरण घ्या. २००७-०८ च्या हंगामात हे दोघं बार्सिलोनाच्या दुसऱ्या संघात होते आणि तो संघ स्पेनमधल्या चौथ्या पातळीवर खेळत होता. प्रशिक्षक होता पेप ग्वार्दिओला, स्वतः ला मासियाचाच. २००८ मध्ये ग्वार्दिओलाकडे मुख्य संघ आला आणि त्याने या दोघांना बरोबर घेतलं. ११ जुलै २०१० रोजी स्पेनने विश्वचषकाची अंतिम लढत जिंकली, तेव्हा दोघंही सुरुवातीच्या अकरात होते. चौथ्या पातळीपासून विश्वविजेतेपदापर्यंत जेमतेम दोन वर्षं! २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये लेवान्तेविरुद्ध एक बदली खेळाडू आत आला आणि मैदानावरचे अकराच्या अकरा ला मासियाचे झाले. असं दृश्य मोठ्या क्लबांत क्वचितच दिसतं.

मग हे सगळं कायम असंच चालू राहिलं का? नाही. हा भाग कौतुकाच्या व्हिडिओंमध्ये सहसा येत नाही, म्हणून इथे जरा थांबू.

क्लबकडे पैसा आला की त्याला तयार खेळाडू हवा असतो. २०१७ ते २०१९ या काळात बार्सिलोनाने देम्बेले, कुतिन्यो आणि ग्रीझमन या तिघांवर प्रत्येकी दहा कोटी युरोंहून जास्त खर्च केले. अकादमी तीच होती, रोंडो तोच होता. पण वरची जागा भरलेली असेल तर खालचा मुलगा कितीही चांगला असला तरी बाकावरच बसतो, नाही तर दुसरा क्लब शोधतो. पुढे २०२१ मध्ये क्लबच्या डोक्यावर १३५ कोटी युरोंचं कर्ज असल्याचं अध्यक्षांनी जाहीर केलं. मेस्सीची लीगसाठी नोंदणीसुद्धा करता आली नाही, त्याला जावं लागलं. नवे महागडे खेळाडू आणणं अवघड झालं आणि घरातल्या पोरांकडे लक्ष गेलं. त्याच हंगामात गावी आणि बाल्दे वर आले. एप्रिल २०२३ मध्ये प्रशिक्षक शावीने यामालला उतरवलं, तेव्हा तो पंधरा वर्षांचा होता. कुबार्सीलाही शावीनेच पहिली संधी दिली. शावी स्वतः अकादमीतून आलेला. या पोरांकडून काय अपेक्षा ठेवायची हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं.

अडचण आली म्हणून दार उघडलं, हे खरं. पण दाराशी तयारीची पोरं उभी होती, कारण सुबत्तेच्या काळातही अकादमी कुणी बंद केली नव्हती.

[दृश्य: फेर्मिन लोपेस सराव करताना.]

फेर्मिन लोपेसची वाट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. तो यामालसारखा थेट वर गेला नाही. २०२२-२३ मध्ये क्लबने त्याला लिनारेस नावाच्या तिसऱ्या पातळीवरच्या संघाकडे खेळायला पाठवलं. तिथे समोर वयाने मोठे, अंगाने भरलेले खेळाडू. चुकीला माफी नाही, गुण गेले की गावाची बोलणी. वर्षभर तिथे घासून तो परतला आणि मुख्य संघात शिरला. ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम सामन्यात त्याने दोन गोल केले आणि स्पेनने सुवर्णपदक घेतलं. ज्याला सोळाव्या वर्षी जमत नाही त्याला विसाव्या वर्षी जमू शकतं. मधली चार वर्षं त्याला खेळायला मिळायला हवीत, एवढंच.

आणि लवकर वर गेलेल्यांची किंमतही बघितली पाहिजे. आन्सू फाती २०१९ मध्ये सोळाव्या वर्षी मुख्य संघात आला. पुढच्या वर्षी गुडघा दुखावला, शस्त्रक्रियेमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि पहिल्यासारखी लय सापडली नाही. मार्क बेर्नालला सतराव्या वर्षी संधी मिळाली आणि तिसऱ्याच लीग सामन्यात त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. कोवळ्या शरीराला किती सामने, किती विश्रांती, हे ठरवणारा माणूस संघात हवा. गोलाच्या क्लिपा बघून टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यालाही याचं भान हवं.

[दृश्य: मिरज. सकाळचं मैदान. बूट बांधणारी मुलं.]

आता मिरज. सकाळचे साडेसहा. लाल मातीचं मैदान, कुठेकुठे गवत. अंगात बार्सिलोनाचे शर्ट, पाठीवर यामालचं नाव. इथेही मुलं गोल करून उभी आहेत, मध्ये दोघं. कडेला उभे असलेले सर ओरडतात, "बॉल यायच्या आधी बघून ठेव की रं!" शिकवण अगदी तीच. मुलांच्या पायांत कौशल्य आहे, दमही आहे. हा जिल्हा पैलवानांचा, मेहनत इथे कुणाला शिकवावी लागत नाही.

अडतं ते पुढे. शाळेत असेपर्यंत सुब्रतो चषकाचे, म्हणजे शाळांच्या फुटबॉल स्पर्धेचे, सामने मिळतात. दहावी झाली की क्लास सुरू होतात, कुणी आयटीआयला जातो, कुणी पोलीस भरतीच्या तयारीला लागतो. कॉलेजच्या स्पर्धा असतात, त्या थोड्या दिवसांत उरकतात. आणि या मैदानाला स्वतःचा वरचा संघ नाही. इथे शिकलेल्या सोळा वर्षांच्या मुलाने कुणाच्या शेजारी उभं राहून खेळायचं, हा प्रश्न तसाच आहे.

कुस्तीने हा प्रश्न कधीच सोडवलाय. कुंडलच्या मैदानात नाही तर कुठल्याही गावच्या जत्रेत जा. आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्या होतात, मग थोड्या इनामाच्या, मग मोठ्या जोडी, आणि शेवटी एक नंबरची कुस्ती. सगळं एकाच दिवशी, एकाच आखाड्यात. रेवड्यांवर लढलेलं पोरगं दुपारभर तिथेच बसून मोठ्यांचे डाव बघतं. तालमीत वस्ताद त्याला मोठ्या पैलवानाच्या अंगावर घालतो, तो आदळतो, उठतो, पुन्हा धरतो. कितव्या वर्षी कुणाशी जोड लावायची हे वस्तादाला कळतं.

कोल्हापूरने हेच फुटबॉलमध्ये आणलं. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल: या तालमींचेच फुटबॉल संघ झाले. पेठेतलं पोर लहानपणी शाहू स्टेडियमच्या कठड्यावरून आपल्या तालमीसाठी घसा फोडतं आणि मोठं होऊन त्याच तालमीचा शर्ट घालतं. तिथे वरचा संघ डोळ्यांसमोर असतो. कोल्हापूरचा अनिकेत जाधव पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडला आणि २०१७ मध्ये भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला. मिरजेहून कोल्हापूर साधारण पन्नास किलोमीटर. इथली काही मुलं सामने बघायला तिकडे जातात, खेळायला जाणारी फार थोडी.

राज्य पातळीवरही हाच अनुभव. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी हा क्लब बंद झाला. क्लब गेला की त्याच्या अकादमीतल्या पोरांच्या डोक्यावरचा मुख्य संघच जातो. प्रशिक्षण कितीही घेतलेलं असो, ते घेऊन जायचं कुठे?

[दृश्य: मैदानावर मोठी आणि लहान मुलं एकत्र खेळताना.]

म्हणून आमचं म्हणणं नव्या अकादम्यांबद्दल नाही. गल्लोगल्ली फलक लागलेत, फी घेतली जाते, रंगीत कोन मांडले जातात. मागायचं असेल तर सांगली जिल्ह्याची वर्षातून निदान पाच महिने चालणारी लीग मागू. शिकवणाऱ्या प्रत्येक मैदानाचा त्यात एक मोठा संघ असावा. प्रत्येक संघाच्या सुरुवातीच्या अकरात अठराच्या आतली दोन मुलं असावीत, नावापुरती नाही, खरोखर खेळणारी. शेवटची पाच मिनिटं उतरवून फोटो काढण्यापुरतीही नाही. मैदान पावसाळ्यात चार महिने चिखलात जातं, उन्हाळ्यात प्रदर्शनांना आणि सभांना दिलं जातं. लीगचे दिवस आधी धरून ठेवले तर खड्डे खणणारे मांडव तेवढे दिवस दुसरीकडे जातील. रेफ्रींचा खर्च, पाण्याचा टँकर, एक डॉक्टर. हा पैसा सांगलीत सहज उभा राहतो. कुस्तीच्या एका मोठ्या मैदानाच्या इनामांवर नजर टाकली तरी पटेल. आणि वेळापत्रक उन्हाळ्याच्या सुट्टीत छापायचं, म्हणजे जूनमध्ये अकरावीचा प्रवेश घेताना मुलाला घरी दाखवता येईल की रविवारी त्याचा सामना कुठे आहे.