दुकानात येते, वहीत येत नाही

(दृश्य: वर्गातली लाकडी फळी, तिच्यावर बिस्किटांचे, चहापत्तीचे, साबणाचे रिकामे पुडे.)

बीड जिल्ह्यातली जिल्हा परिषदेची शाळा. चौथीचा वर्ग. आज इथं दुकानाचा खेळ लागलाय, कुणाला काय येतं ते बघायला. गल्ल्यावर मुलगी बसलीय, नोटा पुठ्ठ्याच्या. गिऱ्हाईक ३७ रुपयांचा माल घेतं नि शंभराची नोट पुढं करतं.

मुलगी मोजायला लागते. "सदतीस नि तीन चाळीस." तीन रुपये ठेवले. "चाळीस नि दहा पन्नास." दहाची नोट. "पन्नास नि पन्नास शंभर." त्रेसष्ट रुपये परत. हिशेब चोख.

(दृश्य: वहीचं पान.)

आता हिचीच वही बघा. १०० वजा ३७, उत्तर १३७. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून तिनं सातातून शून्य वजा केलं. पुढच्या घरातही तेच. शंभरातून काढलं आणि शंभराहून जास्त उरलं!

चाचणीत या उत्तराला भोपळा मिळाला असता, आणि वजाबाकी कच्ची असा शेराही. सरांनी मात्र नोंद केली: 'वजाबाकी समजते. हातच्याची मांडणी येत नाही. शंभराची नोट मोडून दाखवायची.' उद्या काय शिकवायचं, ते या तीन ओळींत आलं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यानुसार २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. त्या पद्धतीत चौथीला ६० गुण आकारिक, म्हणजे शिकता शिकता होणाऱ्या मूल्यमापनाला, आणि ४० संकलित, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेला. पहिली-दुसरीला तर आकारिकच ७०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम ही सगळी आकारिकची साधनं. म्हणजे खेळाला कागदावर जागा आहेच. अडतं ते नोंदीपाशी. वर्णनात्मक नोंदींची तयार पीडीएफ मोबाइलवर फिरते, आणि 'उपक्रमात आवडीने सहभागी होतो' हे एकच वाक्य अर्ध्या वर्गाच्या नावापुढे उतरतं. असा खेळ खेळला काय नि न खेळला काय.

(दृश्य: शाळेचं अंगण.)

दसरा-दिवाळीच्या सुमाराला इथले कोयते, म्हणजे ऊसतोडीची जोडपी, साखर कारखान्यांकडे निघतात. काही पोरं हंगामी वसतिगृहात राहतात, काही आई-बापाबरोबर उसाच्या फडात जातात. फडातली पोरं परत येतात तेव्हा वर्ष संपत आलेलं असतं. अशा पोरापुढं पहिल्याच दिवशी प्रश्नपत्रिका ठेवली, तर दुसऱ्या दिवशी ते शाळेत दिसेल का?

त्यापेक्षा चिठ्ठ्यांचा खेळ बरा. चिठ्ठी उचलायची, मनात वाचायची, लिहिलंय ते करायचं. 'खिडकीपाशी जाऊन मामाला हाक मार.' पोरगं खिडकीपाशी गेलं, पण हाक मारलीच नाही. पहिला शब्द वाचला, पुढचं अडलं. दुसरं एक चिठ्ठी हातात धरून शेजाऱ्याकडं बघत राहतं. तेवढ्यात मागून आवाज: "सर, हा विचारायलाय!" चुगली खरी, पण सरांच्या कामाची. या पोराला कुठल्या गटात बसवायचं, ते कळलं.

सगळेच खेळ असे बोलके नसतात. 'आधी कोण सांगतं' असा खेळ लावला की चार चुणचुणीत पोरं वर्ग गाजवतात. बाकीची टाळ्या वाजवतात, आणि गुरुजींना वाटतं वर्गाला आलं. मोबाइलवरच्या क्विझमध्येही वेगाला गुण असले की हाच घोटाळा. मला विचाराल तर पाटी सरस. प्रश्न विचारायचा, सगळ्यांनी लिहायचं, आणि "पाट्या वर!" म्हटल्यावरच दाखवायचं. कुणाचं बघून लिहायला वेळच नाही. प्लिकर्सची कार्डंही याच जातीची: मुलानं छापील कार्ड ज्या बाजूनं धरलं ते त्याचं उत्तर, शिक्षक ते मोबाइलच्या कॅमेऱ्यानं टिपतो, आणि वर्गभरात मोबाइल एकट्या शिक्षकाकडं असला तरी भागतं.

खेळ चालू असताना सगळ्या वर्गावर नजर राहत नाही. म्हणून सर सकाळीच पाच नावं वहीत लिहून ठेवतात. खेळतात सगळे, नोंद त्या पाचांचीच. तीही मधल्या सुट्टीच्या आत, कारण खिचडी वाढायला लागली की वही बाजूला राहते. उरलेल्यांची नावं उद्याच्या पानावर.